शैक्षणिक ग्रंथालयांचे संग्रह व्यवस्थापन धोरण (वऱ्हाड)

संग्रह व्यवस्थापन धोरण म्हणजे ग्रंथालयाने कोणते साहित्य घ्यावे, त्याच्या किती प्रती घ्याव्यात, काय नाकारावे, घेतलेले कसे जपावे आणि कोणते साहित्य केव्हा बाद करावे, यांविषयी संस्थेने लेखी स्वरूपात ठरवलेली व सक्षम समितीने संमत केलेली नियमावली होय. ग्रंथनिवड, ग्रंथखरेदी, देणगी, जतन, साठा पडताळणी आणि निर्लेखन ही एरवी सुटी सुटी चालणारी कामे या धोरणामुळे एका सूत्रात येतात.

वऱ्हाडातील, विशेषतः अमरावती व अकोला येथील विद्यापीठीय व महाविद्यालयीन ग्रंथालयांत या धोरणाला दुहेरी महत्त्व आहे. एकीकडे बदलता अभ्यासक्रम आणि मर्यादित निधी यांमुळे जुनी पुस्तके काढून नव्यांना जागा करणे भाग पडते. दुसरीकडे या प्रदेशाच्या इतिहासाची साधने अनेक शहरांत विखुरलेली असल्यामुळे, स्थानिक ग्रंथालयातून बाद केलेली एखादी प्रत ही त्या ग्रंथाची वऱ्हाडातील शेवटची प्रत असण्याचा संभव असतो.

## संकल्पना आणि विकास

ग्रंथालयशास्त्रात या विषयाची सुरुवात ‘ग्रंथनिवड’ या मर्यादित कल्पनेपासून झाली. पुढे संपूर्ण संग्रहाची नियोजनपूर्वक वाढ करणे या अर्थाने ‘संग्रह विकास’ ही संज्ञा रूढ झाली. जागेची टंचाई, नियतकालिकांच्या वाढत्या किमती आणि ई-साधनांचा प्रसार यांमुळे संग्रह वाढवणे एवढेच उद्दिष्ट पुरेनासे झाले. त्यानंतर जतन, वापराचे मोजमाप, सहकार्य आणि बाद करणे यांचाही समावेश असलेली ‘संग्रह व्यवस्थापन’ ही व्यापक संज्ञा प्रचारात आली. अमेरिकन ग्रंथालय संघाने संग्रह विकासासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. ग्रंथालय संघांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (इफ्ला) २००१ मध्ये धोरणाच्या मसुद्यासाठी मार्गदर्शिका प्रकाशित केली.

भारतात शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे या विचाराचा पाया मानली जातात. ग्रंथ वापरासाठी आहेत हे पहिले सूत्र, तर ग्रंथालय ही वाढती संस्था आहे हे पाचवे सूत्र होय. वाढ म्हणजे केवळ संख्येची वाढ नव्हे. सजीवाप्रमाणे जुने टाकून नवे घेणे हाही वाढीचाच भाग आहे, असा पाचव्या सूत्राचा अर्थ लावला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. या समितीने ग्रंथालयाच्या निधीसाठी दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये व दर शिक्षकामागे २०० रुपये असे सूत्र सुचवले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) हे प्रमाण अनुक्रमे २५ व ३०० रुपये करण्याची शिफारस केली. हे आकडे आज कालबाह्य झाले असले, तरी निधी वाचकसंख्येशी जोडण्याचे त्यांमागील तत्त्व अद्याप वापरले जाते.

## प्रादेशिक पार्श्वभूमी

### शैक्षणिक संस्था

अमरावती येथे १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. हीच संस्था पुढे विदर्भ महाविद्यालय व आता शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने वऱ्हाडभर महाविद्यालयांचे जाळे उभारले. अकोला येथे १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्यालाही डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अस्तित्वात आले आणि पुढे त्याला संत गाडगे बाबा यांचे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय डॉ. श्रीकांत जिचकार स्मृती ज्ञानस्रोत केंद्र या नावाने ओळखले जाते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ अस्तित्वात आले.

या संस्थांच्या ग्रंथालयांची उद्दिष्टे सारखी नाहीत. संलग्न महाविद्यालयाचा मुख्य वाचक पदवीचा विद्यार्थी असतो आणि त्याचा अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते. कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला अध्यापनाबरोबर संशोधन व विस्तारकार्य यांचीही गरज भागवावी लागते. त्यामुळे एका ग्रंथालयाचे धोरण दुसऱ्यासाठी जसेच्या तसे उपयोगी पडत नाही.

### साधनांचे विखुरलेपण

१८५३ च्या तहानुसार वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि तो हैदराबाद येथील रेसिडेंटमार्फत चालू लागला. १९०२ मध्ये वऱ्हाड कायम भाडेपट्ट्याने घेण्यात आला व १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सत्ताकेंद्र हैदराबाद, नागपूर व मुंबई असे बदलत गेल्यामुळे शासकीय प्रकाशने आणि कागदपत्रेही या शहरांत विभागली गेली. १९८३ पूर्वी वऱ्हाडातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न असल्याने त्या काळातील प्रबंध मुख्यतः नागपूरला आहेत. वऱ्हाडाविषयीचे साहित्य खुद्द वऱ्हाडात मिळावे, ही गरज याच इतिहासातून निर्माण झाली आहे.

## धोरणाचे घटक

सर्वसाधारणपणे लेखी धोरणात पुढील बाबी असतात :

* संस्थेचे व ग्रंथालयाचे उद्दिष्ट आणि वाचकवर्गाचे वर्णन
* विषयवार संग्रहाची सध्याची व अपेक्षित पातळी
* निवडीचे निकष आणि निवडीचा अधिकार
* निधीवाटपाचे सूत्र
* क्रमिक पुस्तकांच्या प्रती व पुस्तकपेढी यांविषयीचे नियम
* देणगी स्वीकारण्याच्या अटी
* नियतकालिके व ई-साधने
* स्थानिक व दुर्मीळ संग्रह
* जतन, साठा पडताळणी आणि निर्लेखन
* तक्रार, हरकत व धोरणाचे पुनर्विलोकन

### संग्रहाच्या पातळ्या

प्रत्येक विषयात समान खोलीचा संग्रह करणे कोणत्याही ग्रंथालयाला शक्य नसते. यासाठी ‘कॉन्स्पेक्टस’ ही पद्धत वापरली जाते. तिचा विकास १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या गटाने केला. या पद्धतीत विषयसंग्रहाला ० ते ५ अशा पातळ्या दिल्या जातात :

* ० – विषय संग्रहाच्या कक्षेबाहेर
* १ – किमान संग्रह
* २ – प्राथमिक माहितीपुरता संग्रह
* ३ – अध्यापनास पुरेसा संग्रह
* ४ – संशोधनास पुरेसा संग्रह
* ५ – सर्वसमावेशक संग्रह

उदाहरणार्थ, कला शाखेच्या महाविद्यालयाला अर्थशास्त्रासाठी पातळी ३ पुरेशी ठरते. मात्र वऱ्हाडी बोली किंवा जिल्ह्याचा इतिहास या विषयांसाठी त्याच महाविद्यालयाला पातळी ४ चे उद्दिष्ट ठेवता येते. कृषी विद्यापीठात कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा आणि कोरडवाहू शेती हे विषय पातळी ४ किंवा ५ वर ठेवण्यास सबळ कारण असते. पातळी लिहून ठेवल्याने ‘हे पुस्तक का घेतले’ याइतकेच ‘हे का घेतले नाही’ याचेही उत्तर देता येते.

### निवड

निवडीची शिफारस विभागप्रमुख, अध्यापक व विद्यार्थी करतात. संतुलन राखण्याची जबाबदारी ग्रंथपालाची आणि संमती देण्याची ग्रंथालय समितीची असते. अभ्यासक्रमाशी संबंध, लेखक व प्रकाशकाची विश्वासार्हता, आवृत्तीची नवता, भाषा, किंमत, छपाई व बांधणीचा दर्जा आणि संग्रहात आधीपासून असलेले साहित्य हे नेहमीचे निकष होत. परीक्षेपुरत्या प्रश्नोत्तरी व मार्गदर्शिका घ्याव्यात की नाही, हा महाविद्यालयांत वारंवार उद्भवणारा प्रश्न आहे. त्यांना विद्यार्थ्यांकडून मागणी मोठी असते. मात्र अभ्यासक्रम बदलताच त्या निरुपयोगी होतात. म्हणून काही धोरणांत त्यांच्यासाठी निधीची कमाल मर्यादा घालून दिलेली असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार संलग्न महाविद्यालयांतील पदवी अभ्यासक्रमांची नवी रचना महाराष्ट्रात २०२४–२५ पासून लागू होऊ लागली. विषयांचे गट व श्रेयांकांची मांडणी बदलल्यामुळे जुन्या क्रमिक पुस्तकांच्या अनेक प्रती एकाच वेळी कालबाह्य होणे आणि नव्या विषयांसाठी पुस्तके अपुरी पडणे, अशा दोन्ही अडचणी ग्रंथालयांपुढे आल्या. अभ्यासक्रम बदलाच्या वर्षी प्रतींची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद धोरणात असल्यास अशा वेळी होणारी घाईची खरेदी टळते.

### निधीवाटप

निधी सर्व विभागांना समान वाटल्यास मोठ्या विभागांवर अन्याय होतो. केवळ विद्यार्थीसंख्येवर वाटल्यास लहान विषयांचा संग्रह खुंटतो. म्हणून अनेक घटकांचे मिश्र सूत्र वापरले जाते. समजा, एका महाविद्यालयाकडे ८ विभागांसाठी ४ लाख रुपये आहेत. त्यांपैकी २५ टक्के रक्कम समान, ३५ टक्के विद्यार्थीसंख्येनुसार, २० टक्के विषयातील पुस्तकांच्या किमतींनुसार आणि २० टक्के देवघेवीनुसार वाटायची आहे. इतिहास विभागाचा विद्यार्थीसंख्येत १५ टक्के, किंमत घटकात ८ टक्के आणि देवघेवीत २० टक्के वाटा असल्यास त्याला १२,५०० + २१,००० + ६,४०० + १६,००० असे एकूण ५५,९०० रुपये मिळतात. संपूर्ण समान वाटणीत हीच रक्कम ५०,००० रुपये झाली असती. सूत्रातील टक्केवारी प्रत्येक संस्थेने स्वतः ठरवायची असते. ती वर्षारंभी जाहीर असणे अधिक महत्त्वाचे मानले जाते. स्थानिक संग्रह व जतन यांसाठीची रक्कम विभागांच्या वाटणीपूर्वीच वेगळी काढली नाही, तर ती बहुधा शिल्लक राहत नाही.

### देणगी

निवृत्त प्राध्यापक, वकील, डॉक्टर आणि लेखक यांचे खासगी संग्रह शैक्षणिक ग्रंथालयांना देणगीदाखल मिळतात. देणगी विनामूल्य असली, तरी दाखल नोंद, वर्गीकरण, तालिकीकरण, बांधणी आणि कपाटातील जागा यांचा खर्च ग्रंथालयालाच करावा लागतो. त्यामुळे धोरणात सामान्यतः पुढील अटी असतात : खरेदीला लागू असलेले निकष देणगीलाही लागू राहतील, अनावश्यक ग्रंथ अन्य ग्रंथालयास देण्याचा अधिकार ग्रंथालयाला असेल, संग्रह स्वतंत्र कपाटात कायम ठेवण्याचे वचन दिले जाणार नाही, आणि दात्याकडून या अटींस लेखी संमती घेतली जाईल.

तथापि एखाद्या संग्रहाचे मूल्य त्याच्या एकसंधपणातच असते. स्थानिक लेखकाची टिपणांसह पुस्तके, पत्रव्यवहार किंवा एखाद्या चळवळीची पत्रके विषयवार विखुरली, तर त्यांचा परस्परसंबंध नाहीसा होतो. अशा संग्रहाची यादी, तो कोणाकडून व कसा आला याची नोंद आणि शक्य असल्यास स्वतंत्र मांडणी हा अपवाद धोरणात स्पष्टपणे नमूद करावा लागतो.

### ई-साधने

इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘एन-लिस्ट’ उपक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्यामुळे महाविद्यालयांना अल्प वार्षिक शुल्कात हजारो ई-नियतकालिके व ई-पुस्तके मिळू लागली. कृषी संस्थांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा ‘सेरा’ हा ई-साधनांचा संघ २००७ पासून कार्यरत झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेस मान्यता दिली; ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध करणाऱ्या या योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. ही योजना केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण व संशोधन संस्थांसाठी आखण्यात आली. म्हणून शासकीय संस्था आणि खासगी शिक्षण संस्थांची महाविद्यालये यांना आपापले धोरण वेगवेगळे आखावे लागते.

छापील ग्रंथ ग्रंथालयाच्या मालकीचा असतो. वर्गणीच्या ई-साधनावर केवळ ठरावीक मुदतीचा प्रवेशाधिकार मिळतो. ‘ई-आवृत्ती उपलब्ध आहे’ एवढ्या कारणावरून छापील अंक बाद करण्यापूर्वी वर्गणी बंद झाल्यावर जुन्या अंकांचा प्रवेश राहतो किंवा नाही, हे करारातून तपासावे लागते. या साधनांत इंग्रजी साहित्याचे प्राबल्य असल्याने मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची गरज मुख्यतः छापील ग्रंथांवरच भागते. त्यामुळे ई-साधनांमुळे वाचणारा निधी मराठी ग्रंथ व नियतकालिकांकडे वळवणे हा वऱ्हाडातील महाविद्यालयांपुढील व्यवहार्य पर्याय आहे.

## स्थानिक संग्रह

स्थानिक संग्रहाची व्याप्ती भूगोल, लेखक, भाषा आणि साहित्यप्रकार या चार अंगांनी ठरवली जाते. वऱ्हाडापुरते पाहता त्यात पुढील प्रकारचे साहित्य येते :

* प्रशासकीय साधने – ए. सी. लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर (१८७०), अकोला (१९१०) व अमरावती (१९११) जिल्ह्यांची गॅझेटियरे, जनगणना आणि जमाबंदी अहवाल.
* इतिहास व समाज – या. मा. काळे यांच्या ‘वऱ्हाडचा इतिहास’ यासारखे ग्रंथ. दादासाहेब खापर्डे, ब्रिजलाल बियाणी, डॉ. पंजाबराव देशमुख, संत गाडगे बाबा व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे आणि त्यांच्याविषयीचे साहित्य. सहकारी संस्था व शिक्षण संस्थांचे अहवाल.
* भाषा व साहित्य – उद्धव शेळके यांच्या ‘धग’ सारख्या वऱ्हाडी बोलीचा वापर असलेल्या कृती. लोकगीते व म्हणींचे संकलन. १९२३ मध्ये अमरावती येथे स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाची प्रकाशने. तसेच मेळघाटातील कोरकू भाषेविषयीचे साहित्य व ध्वनिमुद्रणे.
* अल्पायुषी साहित्य – स्मरणिका, महाविद्यालयांची वार्षिके, जत्रा व संमेलनांची पत्रके, स्थानिक वृत्तपत्रे आणि दिवाळी अंक.

अल्पायुषी साहित्य पुस्तकविक्रेत्याच्या यादीत येत नाही व त्याची पुनर्मुद्रणेही निघत नाहीत. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकांनी प्रती पाठवायच्या ग्रंथालयांपैकी एकही विदर्भात नाही. परिणामी गावातील संस्थेने छापलेली स्मरणिका त्या परिसरातील ग्रंथालयाने मिळवली नाही, तर ती इतरत्र मिळेलच अशी खात्री नसते.

### हस्तलिखिते

रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख तीर्थस्थान आहे. म्हाइंभट यांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्रा’ची रचना याच ठिकाणी केली. महानुभावांच्या पोथ्या पंथाच्या मठांतून जपल्या गेल्या व त्यांपैकी अनेक सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत आहेत. य. खु. देशपांडे यांनी यवतमाळच्या शारदाश्रमाच्या माध्यमातून अशा हस्तलिखितांच्या संकलनाचे व अभ्यासाचे काम केले.

पोथ्या स्वीकारण्यापूर्वी ग्रंथालयाकडे योग्य कपाटे, प्रशिक्षित कर्मचारी आणि लिपीचे जाणकार आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. ही साधने नसल्यास मूळ पोथी धारकाकडेच ठेवून, त्याच्या संमतीने डिजिटल प्रत करणे आणि यादी प्रसिद्ध करणे, हा पर्याय धोरणात ठेवला जातो. पंथीयांच्या दृष्टीने पोथी ही पूजनीय वस्तूही असल्याने तिच्या हाताळणीचे व प्रदर्शनाचे नियम धारकाशी चर्चा करून ठरवणे योग्य ठरते.

## साठा पडताळणी

दाखल नोंदवहीतील प्रत्येक प्रतीचा हिशेब ग्रंथपालाकडून मागितला जातो आणि कार्यभार सोपवताना प्रती मोजून द्याव्या लागतात. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ नुसार २०,००० पर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी पूर्ण पडताळणी, २०,००० ते ५०,००० ग्रंथ असल्यास तीन वर्षांतून किमान एकदा पूर्ण पडताळणी आणि त्याहून मोठ्या ग्रंथालयात तीन वर्षांपेक्षा जास्त नसलेल्या अंतराने नमुना पडताळणी अपेक्षित आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा पाहण्यासाठी घेतलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांपर्यंतची हानी, ती अप्रामाणिकपणा वा हलगर्जीपणामुळे झालेली नसल्यास, वाजवी मानली जाते. मात्र १,००० रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ किंवा कोणत्याही किमतीचा दुर्मीळ ग्रंथ हरवल्यास चौकशी आवश्यक असते.

हे नियम केंद्रीय कार्यालयांसाठी असले, तरी अन्य संस्थांनाही ते आधारभूत घेता येतात. मुक्तद्वार पद्धतीत काही हानी अटळ असते, हे तत्त्व त्यांतून मान्य झाले आहे. संस्थेच्या धोरणात अशी मर्यादा नमूद नसल्यास हानीची भरपाई आपल्याकडून होईल या भीतीने कपाटे कुलपात ठेवण्याकडे कल वाढतो आणि ग्रंथ सुरक्षित राहूनही वाचकापर्यंत पोहोचत नाहीत.

## ग्रंथ बाद करणे

ग्रंथ बाद करणे हा धोरणातील सर्वांत नाजूक भाग मानला जातो. ग्रंथाविषयीचा आदर, लेखापरीक्षणाची धास्ती आणि एकूण ग्रंथसंख्या कमी दिसण्याची भीती यांमुळे हे काम वर्षानुवर्षे लांबणीवर पडते. मग जागा पूर्ण संपल्यावर किंवा इमारत बदलताना ते घाईने केले जाते. अशा घाईतच महत्त्वाचे ग्रंथ रद्दीत जाण्याचा धोका सर्वाधिक असतो.

### निकष

अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रू’ पद्धतीतून पुढे रूढ झालेल्या निकषांनुसार दिशाभूल करणारे, दुरुस्त न होण्याइतके फाटके, नव्या आवृत्तीमुळे मागे पडलेले, क्षुल्लक, वाचकवर्गाशी असंबद्ध आणि अन्यत्र सहज मिळणारे साहित्य बाद करण्यास योग्य समजले जाते. हे निकष विषयाचा विचार न करता लावता येत नाहीत, हे पुढील उदाहरणांवरून दिसते.

* कायदा – १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि भारतीय पुरावा अधिनियम यांची जागा नव्या तीन कायद्यांनी घेतली. जुन्या क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती त्यामुळे कमी करता येतात. मात्र त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू असल्याने आणि जुने न्यायनिर्णय तिच्याच कलमांवर आधारलेले असल्याने प्रमाणभूत टीकाग्रंथांच्या काही प्रती ठेवणे आवश्यक असते.
* कृषी – सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली. हे कीटकनाशक सुचवणारी पीकसंरक्षण पुस्तिका विद्यार्थ्याच्या वा शेतकऱ्याच्या हाती नव्या माहितीसारखी पडणे धोक्याचे आहे. तसेच २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळण्यापूर्वीचे कापूस लागवडीचे ग्रंथ अध्यापनासाठी जुने ठरले, तरी देशी वाणांच्या संशोधनासाठी ते मोलाचे असतात. अशी पुस्तके देवघेव विभागातून काढून संदर्भ वा ऐतिहासिक संग्रहात, ‘कालबाह्य शिफारशी’ अशी चिठ्ठी लावून ठेवता येतात.
* साहित्य व इतिहास – या विषयांत ग्रंथाचे वय हा निकष सहसा लावला जात नाही. वाचक न मिळालेली जुनी कादंबरी पुढे संशोधनाचा विषय ठरू शकते.

वापराची आकडेवारीही सावधपणे वाचावी लागते. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात, एका वर्षी घेतलेल्या ग्रंथांपैकी सुमारे ४० टक्के ग्रंथ पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी नेले गेले नसल्याचे आढळले. तथापि संदर्भ ग्रंथ, गॅझेटियर व स्मरणिका ग्रंथालयातच बसून पाहिल्या जातात. त्यांची नोंद देवघेवीत होत नाही.

### शेवटच्या प्रतीचा नियम

बाद करण्याच्या यादीतील ग्रंथ परिसरातील अन्य कोणत्याही ग्रंथालयात नसेल, तर तो बाद करू नये किंवा जतन करू शकणाऱ्या ग्रंथालयाकडे पाठवावा, या नियमाला ‘शेवटच्या प्रतीचा नियम’ म्हणतात. त्यासाठी संयुक्त तालिका आवश्यक असते. इन्फ्लिबनेटची ‘इंडकॅट’ ही विद्यापीठीय ग्रंथालयांची संयुक्त तालिका त्यासाठी पाहता येते. परंतु लहान महाविद्यालयांचे जुने मराठी ग्रंथ तीत आढळतीलच असे नाही. सोल किंवा कोहा या संगणकप्रणालींत नोंदी असलेल्या महाविद्यालयांनी निदान १९६० पूर्वीच्या मराठी ग्रंथांची आणि वऱ्हाडविषयक साहित्याची सामायिक यादी केल्यास ही उणीव अंशतः भरून निघू शकते. अमरावती व अकोला या शहरांतील अंतर सुमारे १०० किलोमीटर असल्याने आंतरग्रंथालय देवघेवही व्यवहार्य आहे.

### कार्यपद्धती

प्रथम ग्रंथपाल निकषांनुसार प्रस्तावित यादी तयार करतो. ती संबंधित विभागांकडे ठरावीक मुदतीसाठी पाठवली जाते व हरकती मागवल्या जातात. त्यानंतर ग्रंथालय समिती प्रत्येक ग्रंथाबाबत ठेवणे, अन्य विभागात हलवणे, बांधणी करणे, अन्य ग्रंथालयास देणे किंवा निर्लेखित करणे असा निर्णय घेते. सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी मिळाल्यावर दाखल नोंदवहीत व तालिकेत तशी नोंद होते आणि ग्रंथावर ‘बाद’ असा शिक्का मारला जातो. समितीचा ठराव, मंजुरी आणि याद्या कायमस्वरूपी जपणे गरजेचे असते. लेखापरीक्षणात ग्रंथपालाला संरक्षण मिळते ते याच कागदपत्रांमुळे.

## जतन

वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि पावसाळ्यात हवेतील आर्द्रता झपाट्याने वाढते. उष्णतेने कागद ठिसूळ होतो, तर दमटपणामुळे बुरशी येते. वाळवी व कसर यांचा उपद्रव वेगळाच. कपाटे भिंतीपासून दूर ठेवणे, थेट ऊन टाळणे, हवा खेळती ठेवणे, पावसाळ्यापूर्वी छताची पाहणी करणे आणि नवीन आलेली देणगी मुख्य संग्रहात मिसळण्यापूर्वी तपासून काही दिवस वेगळी ठेवणे, हे कमी खर्चाचे उपाय होत.

डिजिटल प्रत करताना प्रताधिकाराचा विचार करावा लागतो. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात. १९६८ मध्ये निधन पावलेल्या लेखकाच्या बाबतीत ही मुदत २०२८ च्या अखेरीस संपते. २०१२ च्या दुरुस्तीनुसार अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या छापील ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. जतनासाठी प्रत ठेवणे आणि ती सर्वांसाठी संकेतस्थळावर खुली करणे या भिन्न गोष्टी आहेत.

## मसुदा आणि पुनर्विलोकन

धोरणाचा मसुदा करण्यापूर्वी संग्रहाची विषयवार संख्या, ग्रंथांची प्रकाशनवर्षे, मागील काही वर्षांची देवघेव, पूर्ण न झालेल्या मागण्या आणि उपलब्ध जागा यांची माहिती गोळा केली जाते. त्यानंतर ग्रंथालय समितीत अध्यापक, विद्यार्थी व लेखा विभाग यांच्याशी चर्चा होऊन मसुदा संमत केला जातो. तीन ते पाच वर्षांनी, तसेच अभ्यासक्रम बदलल्यास त्याआधीही, पुनर्विलोकन करणे इष्ट समजले जाते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या (नॅक) मूल्यांकनात ग्रंथालय हे अध्ययन साधन म्हणून विचारात घेतले जाते, त्यामुळेही लेखी कार्यपद्धतीकडे महाविद्यालयांचे लक्ष वेधले गेले आहे.

## मर्यादा आणि आक्षेप

लेखी धोरणामुळे निर्णय ताठर होतात, असा एक आक्षेप आहे. केवळ मूल्यांकनासाठी तयार केलेले व दुसऱ्या संस्थेकडून उतरवलेले धोरण प्रत्यक्षात वापरले जात नाही, असेही निदर्शनास आणले जाते. ग्रंथपालाचे पद रिक्त असल्यास किंवा निधी अनियमित मिळत असल्यास उत्तम धोरणही कागदावरच राहते. शेवटच्या प्रतीच्या नियमाबाबत जागा व खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न उरतो; एका ग्रंथालयाने जपलेल्या प्रतीचा लाभ सर्वांना मिळतो, खर्च मात्र त्याच्या एकट्याच्या माथी येतो. अमेरिकेत १९४८ मध्ये सुरू झालेली व १९७२ मध्ये बंद पडलेली ‘फार्मिंग्टन योजना’ ही परदेशी ग्रंथांच्या सहकारी खरेदीची योजनाही अशाच वाटणीच्या अडचणींसाठी ओळखली जाते.

याउलट धोरण नसतानाही निवड, नकार आणि निर्लेखन होतच असते. फक्त त्याची कारणे नोंदवलेली नसतात, असे लेखी धोरणाच्या समर्थकांचे म्हणणे आहे. कारणे नोंदवलेली असली, तर पुढील ग्रंथपालाला चुका ओळखून त्या सुधारता येतात. रद्दीत गेलेली शेवटची प्रत मात्र परत आणता येत नाही.

## हेही पहा

* ग्रंथालयशास्त्र
* शि. रा. रंगनाथन
* संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ
* डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ
* रिद्धपूर
* वऱ्हाड
* वऱ्हाडी बोली